मापाचे माप

माझ्या टेबलावर एक साडेचार अंकी मल्टीमीटर आहे. पुण्यातील एका उपकरण कंपनीच्या कॅलिब्रेशन विभागात मी २८ वर्षे काम केले. निवृत्तीच्या वर्षी कंपनीने जुनी उपकरणे मोडीत काढली, तेव्हा हा मीटर मी विकत घेतला आणि घरातल्या मागच्या खोलीत आणून ठेवला. त्या खोलीला घरचे लोक ‘प्रयोगशाळा’ म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते, थोडे कौतुकही. मीटरच्या माथ्यावर तपासणीची कागदी पट्टी होती. तपासल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि खाली माझी आद्याक्षरे. पुढची तारीख उलटून सहा वर्षे झाली होती. पट्टी रोज डोळ्यांसमोर होती आणि तारीख मला दिसत नव्हती, कारण खालची सही माझीच होती.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, भोसरीचा एक तरुण माझ्याकडे आला. पूर्वी तो आमच्या कंपनीत शिकाऊ होता. आता स्वतःच्या छोट्या शेडमध्ये सौर कंदील बनवतो. कंदिलातल्या लिथियम बॅटरीचे चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबवावे लागते. त्याच्या वर गेले तर बॅटरीचे आयुष्य घटते, फार वर गेले तर धोकाच. त्याने स्वतःसाठी ४.२३ ही वरची मर्यादा आखून घेतली होती. माझ्या मीटरवर त्याचा बोर्ड ४.२३५ दाखवत होता. एक, दोन, पाच, दहा बोर्ड लावून पाहिले, सगळीकडे तेच.

“मॅडम, माझ्या मीटरवर ४.२१ येतंय,” तो म्हणाला. त्याचा मीटर पिवळा, हातात मावणारा, कुठल्याही दुकानात मिळतो तसला.

“अरे, चारशे रुपयांचा मीटर तो,” मी हसून म्हणाले. “कुणाचं ऐकायचं, तूच ठरव.”

त्याने माझे ऐकले. २०० बोर्ड पुन्हा उघडले, प्रत्येकावरचा प्रीसेट फिरवला आणि माझ्या मीटरच्या हिशेबाने सगळे ४.२०० वर आणले. त्यासाठी तो आणि त्याची बहीण चार रात्री बसले होते, हे मला फार नंतर कळले.

त्याचा चारशे रुपयांचा मीटर बरोबर होता. माझा चूक होता. हे मला गेल्या दिवाळीत समजले. घरच्या खोलीत बसून स्वतःचा मीटर चूक आहे हे माणसाला समजते कसे, ते या लेखात सांगायचे आहे. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मीटरने मीटर तपासायचा, तर त्या दुसऱ्या मीटरला कुणी तपासले?

तीन मीटर, तीन उत्तरे

सुरुवात जुन्या बाजारात झाली. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या या बाजारात लोखंडी पत्रे, कुलपे आणि पितळी समया यांच्या शेजारी कधीकधी एखादे बंद पडलेले मोजमापाचे उपकरण येऊन पडते. तिथून मी आणखी एक टेबलावरचा मीटर आणला, दुरुस्त केला आणि सहज म्हणून तिन्ही मीटर एकाच स्रोताला जोडले: माझा जुना, हा नवा-जुना आणि माझ्या हत्यारपेटीतला हातमीटर. स्रोत साधारण १० व्होल्टचा. एकाने १०.०५९ सांगितले, दुसऱ्याने १०.००४, तिसऱ्याने ९.९८.

अशा वेळी पहिला मोह होतो तो सरासरी काढण्याचा आणि दुसरा बहुमताचा. दोन्ही निरुपयोगी. तीन साक्षीदारांपैकी एकही घटनास्थळी नसेल तर त्यांच्या जबानीची सरासरी म्हणजे सत्य नव्हे. मग तिसरा मोह: सर्वांत महागडा मीटर खरा मानावा. भोसरीच्या त्या मुलासमोर मी नेमके हेच केले होते.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत संदर्भ व्होल्टतेची छोटी तयार पट्टी मिळते. एडी ५८४ नावाची चिप तिच्यावर असते आणि ती २.५, ५, ७.५ व १० असे चार व्होल्ट देते. पट्टीसोबत हाताने आकडे लिहिलेली एक चिठ्ठी येते. चिठ्ठीवरचे आकडे चार-पाच दशांश स्थळांपर्यंत असतात. ते कुणी मोजले, कशाने मोजले, त्या दिवशी खोलीत किती उकाडा होता, हे चिठ्ठी सांगत नाही. चिपच्या साध्या प्रतीसाठी निर्मात्याची स्वतःची हमी पाहिली तर ती १० व्होल्टला ३० मिलिव्होल्ट इकडे-तिकडे एवढीच आहे. म्हणजे चिठ्ठीवरचे शेवटचे अंक शोभेचे. माझ्याकडे आता तीन मीटर, एक पट्टी आणि एक चिठ्ठी होती. साक्षीदार वाढले, पुरावा वाढला नाही.

मीटरच्या पोटात

मीटर चुकतो कसा हे कळण्यासाठी तो मोजतो कसा हे पाहावे लागते. टेबलावरचे बहुतेक जुने अंकीय मीटर एका फार सुंदर युक्तीवर चालतात. कल्पना करा, एक हौद आहे. अनोळखी नळ त्यात सोडायचा आणि घड्याळाच्या १०,००० टिकटिकी होईपर्यंत तो भरू द्यायचा. मग नळ बंद करून तळाची मोरी उघडायची. या मोरीतून पाणी किती वेगाने जाते ते आपल्याला ठाऊक आहे. हौद रिकामा होईपर्यंत टिकटिकी मोजायच्या. रिकामा व्हायला ५,००० लागल्या तर नळाचा वेग मोरीच्या निम्मा. मीटरमध्ये हौद म्हणजे कपॅसिटर, अनोळखी नळ म्हणजे आपण मोजतो तो व्होल्टेज आणि मोरी म्हणजे मीटरच्या पोटातला संदर्भ व्होल्टेज.

यातली गंमत अशी की हौद लहान-मोठा असला तरी उत्तर बदलत नाही, कारण भरला तोच हौद रिकामा होतो. घड्याळ जलद-मंद असले तरी बदलत नाही, कारण दोन्ही वेळा घड्याळ तेच. स्वस्त, ओबडधोबड भाग घेऊनही उत्तर चोख येते. दोष एकमेकांना खातात.

एकच दोष कुणी खात नाही: मोरीचा. मोरी आपण समजतो त्यापेक्षा हळू वाहत असेल तर हौद रिकामा व्हायला जास्त टिकटिकी लागतात आणि मीटर जास्त आकडा दाखवतो. संदर्भ ०.६ टक्क्याने खाली आला की प्रत्येक वाचन ०.६ टक्क्याने वर जाते. ४.२१० चे ४.२३५ होते. आणि हे दर वेळी तितकेच होते, म्हणून संशय येत नाही.

इथे आपला एक शब्द आपल्याला फसवतो. ‘अचूक’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गुणांसाठी वापरतो. एक गुण म्हणजे पुन्हा पुन्हा तेच उत्तर देणे आणि दुसरा म्हणजे खरे उत्तर देणे. माझा मीटर पहिल्या अर्थाने निर्दोष होता. दहाही बोर्डांवर त्याने ४.२३५ सांगितले, शेवटचा अंकही हलला नाही. त्या न हलणाऱ्या अंकाला मी खरेपणा समजले. त्या मुलाच्या मीटरचा शेवटचा अंक कधी १ तर कधी २ होत होता, म्हणून तो मला लटका वाटला. शब्दाची फोड केली तर ‘अचूक’ म्हणजे ज्यात चूक नाही ते. मोजमापाच्या शास्त्रात असे काहीच नसते. प्रत्येक मापात चूक असते. ती किती, याचाच शोध घ्यायचा असतो.

तराजू आणि दिवा

मापणाऱ्याचे माप कुणी काढायचे हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे, हे मला संस्कृत शिकलेल्या थोरल्या बहिणीने दाखवले. माप, मान, परिमाण, प्रमाण, अनुमान, उपमा हे सगळे शब्द ‘मोजणे’ या अर्थाच्या ‘मा’ धातूचे. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत, त्यांनाही ‘प्रमाण’च म्हणतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आक्षेप असा घेतला गेला की वस्तू प्रमाणाने सिद्ध होते, तर प्रमाण कशाने सिद्ध होते? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर त्याला तिसरे लागेल, तिसऱ्याला चौथे. याला अनवस्था म्हणतात. नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हा आक्षेप धारदारपणे मांडला आहे.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर एक उत्तर आहे आणि त्यात दृष्टांत चक्क तराजूचा आहे. वात्स्यायनाच्या भाष्यात तो उलगडतो. तराजूने सोने तोलतो तेव्हा तराजू हे प्रमाण आणि सोने हे मोजले जाणारे, म्हणजे प्रमेय. पण तराजूवरच शंका आली तर ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे असे सोने घेऊन तराजू तपासायचा. आता सोने प्रमाण आणि तराजू प्रमेय. एकच वस्तू वेगवेगळ्या प्रसंगी दोन्ही असू शकते. मोजणारा मोजला जाऊ शकतो, फक्त एकाच वेळी नाही.

याच चर्चेत दिव्याचाही दृष्टांत येतो: दिवा इतरांना दाखवतो आणि दिसण्यासाठी त्याला दुसरा दिवा लागत नाही. दिवाळीच्या दिवसांत हा दृष्टांत गोड वाटतो. पण २८ वर्षे कॅलिब्रेशन केलेल्या बाईने सांगावे तर मीटर हा दिवा नाही, तराजू आहे. तो स्वतःला उजळत नाही. त्याच्यापुढे ठाऊक असलेले सोने कुणीतरी ठेवावे लागते.

ठाऊक असलेले सोने

मग ते ठाऊक सोने कुठून येते? अनवस्था कुठे थांबते?

विजेच्या बाबतीत बराच काळ ती एका काचेच्या नळीत थांबत असे. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये पारा आणि कॅडमियम वापरून एक घट बनवला. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराची ती नळी २० अंश तापमानाला सुमारे १.०१८३ व्होल्ट देई आणि वर्षानुवर्षे देत राही. पण ती कलंडलेली चालत नसे, तापलेली चालत नसे, आणि तिच्यातून वीज घेतलेली तर मुळीच चालत नसे.

१९६२ मध्ये ब्रायन जोसेफसन या तरुण संशोधकाने एक भाकीत केले. दोन अतिवाहकांमध्ये अगदी पातळ अडसर ठेवला आणि त्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या, तर व्होल्टेज मनाला येईल तसे न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी वाढते आणि पायरीची उंची फक्त लहरींच्या वारंवारतेवर ठरते. ७५ गिगाहर्ट्झला एक पायरी सुमारे १५५ मायक्रोव्होल्टची. असे २० हजारांच्या घरात जोड एका चिपवर ओळीने मांडले आणि द्रव हेलियमच्या थंडीत बुडवले की १० व्होल्ट मिळतात. ते दिल्लीत, बर्लिनमध्ये किंवा टोकियोत सारखेच असतात. जोसेफसन यांना १९७३ चे नोबेल मिळाले. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी रोधाबाबत असाच निसर्गाचा आकडा शोधला, सुमारे २५,८१२.८ ओहम, आणि १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. १ जानेवारी १९९० पासून जगाने हे दोन आकडे व्होल्ट व ओहमसाठी ठरवून वापरायला घेतले. २० मे २०१९ पासून एककांची व्याख्याच निसर्गाच्या स्थिरांकांवर बसवली. त्या दिवशी व्होल्ट साधारण एक कोटीत एक भाग इतका सरकला. माझ्या खोलीतल्या एकाही मीटरला ते कळले नाही.

भारतात ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपासून सुरू होते. तिची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी, नेहरूंच्या हस्ते बसली आणि उद्घाटन २१ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पाच दिवस आधी, सरदार पटेलांनी केले. नवा देश उभा राहत असताना त्याला स्वतःचे माप हवे हे कुणीतरी वेळीच ओळखले होते. तिथून पुढे मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, तिथून कारखान्यातली कॅलिब्रेशनची खोली, तिथून कामगाराच्या हातातला मीटर. प्रत्येक टप्प्यावर थोडी खात्री गळते. म्हणून एक व्यवहारी नियम आहे: तपासणारे उपकरण तपासल्या जाणाऱ्यापेक्षा निदान चौपट भरवशाचे असावे. आणि प्रत्येक दाखल्यावर आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहावीच लागते. ‘१० व्होल्ट’ हे अर्धे वाक्य आहे. ‘१० व्होल्ट, इतक्या मायक्रोव्होल्टपर्यंत इकडे-तिकडे, ९५ टक्के खात्रीने’ हे पूर्ण वाक्य.

ज्योत घरी आणणे

द्रव हेलियम घरी ठेवता येत नाही. पण साखळीची एक कडी घरी आणता येते. मी एलएम ३९९ ही चिप घेऊन एक डबा बनवला. या चिपच्या आत ६.९५ व्होल्टचा झेनर आणि त्याच्याच अंगावर एक इवलासा हीटर असतो. हीटर चिपला सतत सुमारे ९० अंशांवर ठेवतो, म्हणून बाहेर थंडी असो वा उकाडा, आतले हवामान बदलत नाही. पुढे चांगल्या रोधकांनी त्याचे १० व्होल्ट केले. डबा सहा महिने नुसता चालू ठेवला, कारण नव्या चिपला स्थिरावायला वेळ लागतो. मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत न्यायचे ठरवले.

नेताना अडचण अशी की डबा बंद पडला, चिप गार झाली आणि पुन्हा तापली, तर आकडा किंचित वेगळ्या जागी बसू शकतो. म्हणून तो चालू ठेवूनच न्यायचा. नवरात्रात तुळजापूरहून गावोगावची मुले ज्योत घेऊन धावत येतात, वाटेत खांदे बदलतात, पण ज्योत विझू देत नाहीत. तसाच हा डबा दोन बॅटऱ्यांवर चालू ठेवून मी मांडीवर घेऊन गेले आणि घेऊन आले. रिक्षावाल्याने विचारले, “काय आहे आत?” मी म्हटले, “दहा व्होल्ट.” त्याने पुढे काही विचारले नाही. सोबत दाखला होता: १०.०००१२ व्होल्ट, अनिश्चितता ८० मायक्रोव्होल्ट, तापमान २३ अंश.

२३ अंश हे विद्युत मापनाचे नेहमीचे तापमान. कारखान्यात त्यासाठी वातानुकूलन रात्रंदिवस चालते. माझ्या खोलीत ते दिवाळीच्या सुमारास, पहाटे, फुकट येते. म्हणून माझे वार्षिक कॅलिब्रेशन दिवाळीत असते. उपकरणे आदल्या संध्याकाळी चालू करून ठेवायची. पहाटे उठून पंखा बंद, खिडकी बंद. तारा जोडल्यावर हात लावायचा नाही, वीस मिनिटे थांबायचे. हे सोवळे नाही, याला कारण आहे. दोन वेगळ्या धातूंचा सांधा एका बाजूला गरम झाला की स्वतःच वीज निर्माण करतो. स्वच्छ तांब्याला स्वच्छ तांबे जोडले तर एका अंशामागे ०.२ मायक्रोव्होल्टच्या आसपास. पण तांब्यावर काळा थर चढला असेल तर तोच आकडा हजार मायक्रोव्होल्टच्या घरात जातो. बोटांची ऊब आणि न घासलेले टोक मिळून दाखल्यावरची सगळी अनिश्चितता गिळून टाकू शकतात. चिंच लावून तांब्याची भांडी घासणाऱ्या घरात वाढल्याचा इथे उपयोग होतो.

ओहमसाठी तर आणखी सुंदर युक्ती आहे. ऑस्ट्रेलियाचे बी. व्ही. हॅमन यांनी ती १९५४ मध्ये मांडली. साधारण सारखे दहा रोधक घ्या, प्रत्येक १,००० ओहमचा. एकापुढे एक जोडले की १०,००० होतात आणि सगळे समांतर जोडले की १००. गुणोत्तर १०० पट. आता रोधक तंतोतंत सारखे नसले, प्रत्येक जण दहा हजारांत एक भाग चुकलेला असला, तरी गुणोत्तरातली चूक दहा कोटींत एकाच्या आसपासच राहते, कारण दोन्ही मांडण्यांत चूक जवळजवळ सारखीच शिरते आणि भागाकारात जाते. तराजूची दांडी वाकडी असल्याचा संशय आला तर जिन्नस आणि वजन पारडी बदलून पुन्हा तोलावे, तसेच हे. निर्दोष वस्तू मिळत नाहीत. पण दोष एकमेकांवर पडतील अशी मांडणी करता येते. एका मोजलेल्या १०,००० ओहमवरून मी घरीच १०० ओहमला पोहोचते.

आणि एक माप असे आहे ज्याच्यासाठी कुठेच जावे लागत नाही. ते म्हणजे सेकंद. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळे आहेत. सापेक्षतेमुळे ती जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतील, हे आधीच हिशेबात धरलेले असते. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या आपल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात देशात बनवलेले रुबिडियम घड्याळही आहे. गच्चीवर बोटभर अँटेना लावला की दर सेकंदाला एक ठोका घरात येतो. त्या ठोक्याशी बांधलेल्या १० मेगाहर्ट्झच्या क्वार्ट्झने मी माझा वारंवारता-मापक तपासला, तेव्हा तो १४ हर्ट्झ जास्त दाखवत होता. लहानपणी आकाशवाणीच्या ठोक्यांवर वडील हातातले घड्याळ लावत, तेच मी करते. फक्त ठोका जरा वरून येतो.

सापडला तसा, सोडला तसा

आता त्या पहाटेकडे येते. डबा जोडला, वीस मिनिटे थांबले. दाखल्याप्रमाणे १०.०००१ व्होल्ट. माझ्या जुन्या मीटरने दाखवले १०.०५९. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या बारापट चूक. मी पुन्हा जोडून पाहिले, तारा बदलल्या, टोके घासली. १०.०५९.

लोकांचा समज असतो की कॅलिब्रेशन म्हणजे स्क्रू फिरवून आकडा बरोबर करणे. ते नंतरचे काम, आणि कधीकधी करूच नये असे काम. कॅलिब्रेशन म्हणजे तुलना करून चूक लिहून ठेवणे. म्हणून चांगल्या नोंदवहीत दोन रकाने असतात: उपकरण सापडले तसे आणि सोडले तसे. पहिला रकाना न भरता स्क्रूला हात लावणे हा आमच्या खोलीत मोठा अपराध होता. कारण स्क्रू फिरला की आजची चूक जाते, पण कालपर्यंत ती किती होती हे कायमचे पुसले जाते. मी पहिला रकाना भरला: अधिक ०.५९ टक्के. मगच झाकण उघडले. संदर्भ ठरवणाऱ्या छोट्या प्रीसेटला काडीने नुसता स्पर्श केला तर आकडा उडाला. सहा पावसाळ्यांची ओल त्याच्या सरकत्या टोकावर बसली होती. तो बदलला, आकडा बसवला, महिनाभर दर आठवड्याला तपासला. दुसरा रकाना भरला.

वही मिटता आली असती. पण प्रयोगशाळांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७०२५, त्यात एक अट आहे आणि ती मी कंपनीत नव्या मुलांना शिकवत असे. उपकरण सदोष सापडले तर त्या दोषाचा आधीच्या मापांवर काय परिणाम झाला हे मागे जाऊन पाहावे लागते. कंपनीत हे काम पत्राने होई. मसुदा ठरलेला असे. माझ्या घराला असा काही नियम लागू नाही, कुणी तपासायला येणार नाही. मी हिशेब केला. त्या मुलाचे बोर्ड मुळात खरे ४.२१ वर होते, मर्यादेच्या आत. माझ्या सांगण्यावरून त्याने ते खरे ४.१७५ वर नेले. बॅटरी फुगणार नव्हती, पण पूर्ण भरणारही नव्हती. प्रत्येक कंदील रात्री थोडा आधी मंदावणार होता.

मी बसने भोसरीला गेले. शेडमध्ये तो आणि त्याची बहीण काम करत होते. वही उघडून पहिला रकाना दाखवला. तो बराच वेळ आकडा पाहत राहिला. मग म्हणाला, दोन गिऱ्हाइकांनी कंदील कमी चालतो अशी तक्रार केली होती. त्याने बॅटरी पुरवणाऱ्याशी भांडण काढले होते. बहीण काहीच बोलली नाही. हातातली सोल्डरिंग गन तिने स्टँडवर ठेवली आणि चहा टाकायला गेली.

विकले गेलेले कंदील परत येणार नव्हते. उरलेले ६० होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बसून आम्ही तिघांनी ते पुन्हा ४.२० वर आणले. निघताना त्याने खिशातून पिवळा मीटर काढला.

“मॅडम, हा बरोबर होता ना मग?”

“त्या दिवशी होता,” मी म्हटले. “आज आहे का ते बघायला हवं.”

मीटर घरी आणला. पुढच्या पहाटे डब्याला जोडला. १० व्होल्टला तो १०.०१ दाखवतो, शेवटचा अंक कधी ० होतो कधी १. वहीत त्याचे पान उघडले. सापडला तसा: अधिक ०.१ टक्का. स्क्रूला हात लावला नाही, सोडला तसाच. मागच्या बाजूला एक कागदी पट्टी चिकटवली: तारीख, पुढच्या दिवाळीची तारीख, चुकीचा आकडा आणि माझी आद्याक्षरे. माझ्या मीटरवरची जुनी पट्टी खरवडून काढली आणि तिथेही तशीच नवी लावली. यंदाच्या दिवाळीत दोन्ही मीटर एकाच पहाटे तपासायचे ठरले आहे. तो स्वतः येणार आहे. पट्टीवर या वेळी दुसरी सही त्याची असेल.